टेकूची जुनी जागा

पूनम सागर, मीरा रोड
१९ जानेवारी २०२५

दादा,
जयभीम.

तुझा रेनॉल्ड काल येऊन गेला. दारातच उभा राहून म्हणाला, "पंचू, जीवनने सांगितलंय, बेस गिटार पॅक करून दे. मंगळवारी मी परत गोव्याला चाललोय." आईने चहा पुढे केला तेव्हा कुठे चपला काढून आत आला. त्याने पप्पांबद्दल विचारलं. मी म्हटलं, झोपलेत. संध्याकाळ नुकती होत होती, त्यामुळे त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. तारोडीचा बोलघेवडा माणूस असून गप्प बसला म्हणजे त्याला काहीतरी वाटलं असणार.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. हे पत्र तोच तुझ्या हातात देईल.

बेस आत्ता देता येणार नाही. ती मी उघडून ठेवली आहे. तू तिच्यात बसवून घेतलेलं बॅटरीचं सर्किट मी काढलं. रागाने नाही. बॅटरी फुटून पाणी झालं होतं आणि वायरींवर हिरवा मळ चढला होता. आपल्याकडची खाडीची हवा तुला माहीत आहे, दाराची कडीसुद्धा टिकत नाही. मूळचा पिकअप, तारांखाली बसून आवाज उचलणारा तो दोन तुकड्यांचा चुंबक, बिस्किटाच्या डब्यात सापडला. तू फेकून दिला असशील असं आम्ही धरून चाललो होतो. तू तो कापसात गुंडाळून ठेवला होतास. मी डबा पप्पांना दाखवला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

रेनॉल्ड म्हणाला, तुमच्या गोव्यातल्या हॉटेलच्या बँडच्या लीडरला साठ सालचा आवाज हवाय. दबका, गोल, थड थड. सगळीकडे तीच फॅशन परत आलीय म्हणे. मला हसू आलं, रागावू नकोस. तू तेव्हा म्हणाला होतास, "ही बेस नाही, गोधडी झोडपल्याचा आवाज आहे." आणि तो आवाज घालवायला लाकूड कोरून घेतलंस. आता लोक गोधडी मागतायत.

दुसरं कारण म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजवरचं ते स्टीलचं झाकण. गंजून खरबरीत झालं होतं. काशीमीऱ्याला ट्रकच्या बंपरना क्रोम चढवून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे दिलंय. त्याने ते उलटंपालटं करून विचारलं, "दीदी, इतनी भारी साबुनदानी? किसका बाथरूम है?" मी म्हटलं, गिटार का है. तो म्हणाला, "अच्छा, गिटार भी नहाता है?" त्याचे कामगार हसले. मला उत्तर रिक्षात बसल्यावर सुचलं, पण आता त्याचा उपयोग नाही.

तेव्हा झाकण येईपर्यंत थांब.

आई बरी आहे. पप्पाही बरे आहेत. हल्ली बोलणं कमी केलंय, एवढंच.

पंचशीला


पूनम सागर
९ फेब्रुवारी २०२५

दादा,
जयभीम.

तुझा निरोप रेनॉल्डने मला लॅबच्या बाहेर बोलावून मोबाइलवर ऐकवला. "तिला विचार, ती बेस काय तिच्या बापाची आहे का?" मग तुझं तुलाच कळलं बहुतेक, कारण पुढे नुसता पंख्याचा आवाज आहे आणि रेकॉर्डिंग संपतं. रेनॉल्ड इतका हसला की आमचा वॉचमन उठून बघायला आला. "हाय ना, बापाचीच हाय!" तो म्हणाला. मीही हसले. खूप दिवसांनी तुझा आवाज ऐकला. तुझी सर्दी अजून तशीच आहे.

आधी एक दुरुस्ती. झाकण काशीमीऱ्याला दिलंय असं मी लिहिलं होतं. बाकी सगळं खरं, साबुनदानीसुद्धा, पण मी पत्र लिहिलं तेव्हा झाकण परत येऊन टेबलावर होतं. कारणं कमी पडत होती म्हणून मी ते एक जास्तीचं घातलं. लॅबमध्ये एखाद्या नळीवर दुसऱ्याच पेशंटचं लेबल लागलं असेल अशी शंका आली की मी अर्ध्या रस्त्यातून परत जाते, तसं हे वाक्य मला टोचत होतं.

बेस आता पूर्ण जोडलेली आहे आणि वाजते. तरीही मी ती देत नाहीये. का, ते मला सांगता येत नाही. काय काय केलं, ते सांगते. त्यात तुला मी चूक केल्यासारखं काही दिसलं तर कळव.

तुला आठवतं, मला बालवाडीत घातलं तेव्हा बाईंनी विचारलं, एबीसीडी येतं का, आणि मी म्हटलं, ई ए डी जी? बाई म्हणाल्या, हिला काहीच येत नाही. घरी येऊन आईने सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, "चार तारांची नावं येतात, अजून काय यायचं राहिलंय?" मला अक्षरांच्या आधी तारा शिकवल्या त्यांनी. सोल्डरिंग करताना श्वास रोखून धरायचा, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. त्यामुळे या बेसचा इतिहास मी पुस्तकात वाचलेला नाही, जेवताना ऐकलाय. तूही ऐकलायस. तरी एकदा सलग लिहिते, म्हणजे मी जे केलं ते स्वतःच्या मनाने केलं नाही हे तुला कळेल.

पूर्वी बेस म्हणजे माणसाहून उंच, उभं वाद्य. टेम्पोत घालून न्यायचं. त्याला पट्ट्या नसायच्या, सूर अंदाजाने शोधायचा. १९५१ साली अमेरिकेत, मूळचा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या कारखान्यात, ते आडवं झालं, गळ्यात अडकवता आलं आणि त्याच्या मानेवर पट्ट्या आल्या, म्हणजे बोट टेकेल तिथे सूर नेमका पडावा. म्हणून तिचं नाव प्रिसिजन. पहिली अगदी फळीसारखी होती, कडा वाजवणाऱ्याच्या बरगडीत घुसायच्या, मग त्या कडा उतरवल्या. सत्तावन साली एका पिकअपचे दोन तुकडे करून मागेपुढे बसवले, त्याने आतलं घोंगावणं गेलं आणि आवाज भरला. साठला बारीक मानेची, दोन पिकअपवाली निराळी बहीण आली. तेव्हा तारांवर सपाट पट्टी गुंडाळलेली असायची, हाताला गुळगुळीत. पुढे गोल तारेने गुंडाळलेल्या आल्या, बोटाखाली कानशीसारख्या, पण खणखणीत. झाकणाखाली स्पंज असायचा, तारेचा आवाज लांबू नये म्हणून. लोकांनी तो काढून टाकला. मग झाकणही काढलं. मग पोटात बॅटरी आली. प्रत्येक वेळी बेसला आधीपेक्षा जास्त ऐकू यायचं होतं. तू त्यातच पुढे गेलास, यात तुझं काय चुकलं मला कधीच कळलं नाही. पप्पा म्हणायचे, "बेस ऐकू येत नसते, थांबली की कळते." तू म्हणायचास, "मग थांबेपर्यंत मी स्टेजवर कशाला उभा राहू?" मला दोन्ही पटायचं. म्हणून मी कुणाच्याच बाजूने बोलले नाही.

तर मी असं केलं. पिकअप मूळचा परत बसवला. स्पंज भांडी घासायच्या स्पंजातून कापला. आई म्हणाली, हिरवी खरखरीत बाजू वर ठेव, वाजवता वाजवता तारा घासून निघतील. जुन्या सपाट तारा फेकल्या नव्हत्या, त्या पातेल्यात उकळून घेतल्या. त्यानंतर आईने ते पातेलं मला देऊन टाकलं.

आणि टेकू हलवला. बोट टेकवायची ती लाकडी पट्टी. जेव्हा ही बेस बनली तेव्हा कारखान्यातल्या लोकांना वाटत होतं, माणसं ती अंगठ्याने छेडतील. म्हणून टेकू तारांच्या खालच्या बाजूला होता. बोटं त्याच्यात अडकवायची आणि अंगठा वरून खाली पाडायचा. मग सगळे दोन बोटांनी वाजवायला लागले, आणि सत्तरनंतर कारखान्यानेच टेकू वर नेला, अंगठा टेकवायला. पप्पांनीही तरुणपणी आपला वर नेला. आपल्या बेसवर दोन्हीकडे भोकं आहेत, तू लहानपणी त्यात काड्या घालायचास. मी टेकू परत खाली, जुन्या जागी बसवला.

मूळ तसंच होतं. म्हणून.

पंचशीला


पूनम सागर
२ मार्च २०२५

दादा,
जयभीम.

रेनॉल्ड म्हणाला, पत्र वाचून तू एकच वाक्य बोललास. "अंगठ्याने कोण वाजवतंय?"

दुसरा कोणी असता तर त्याने पातेल्याबद्दल विचारलं असतं. तुला कळणार हे मला माहीत होतं. कळावं म्हणूनच मी टेकूबद्दल तेवढं लिहिलं. मी आईला शब्द दिला होता की तुला काही सांगणार नाही. टेकूबद्दल शब्द दिला नव्हता. हे बरोबर आहे की पळवाट आहे, यावर मी बराच विचार केला. पळवाटच आहे. तेव्हा आता सरळ सांगते.

पप्पा वाजवतात.

नोव्हेंबरमधली गोष्ट. रविवारची सकाळ, दुपारी विहारात त्यांची तालीम होती. पप्पा दिवाणावर बेस घेऊन बसले होते, मी अँपजवळ. ते म्हणाले, "आवाज येत नाही. कॉर्ड बघ." मी कॉर्ड बदलली. "अजून नाही. अँप बघ." मी अँपचं मागचं झाकण काढलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "प्लग सैल झाला असेल, त्या बोर्डाचं नेहमीचंच आहे." मी प्लग दुसरीकडे लावला. पप्पा चिडले होते. "चौथी तार बिलकूल नाही. सोल्डर सुटलंय कुठेतरी." त्यांचे शब्द जरा जड येत होते, पण ते चिडले की तसंच बोलतात. मी बेस त्यांच्या मांडीवर असतानाच टॉर्च घेऊन बघायला लागले. आई पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, आणि तिने बेसकडे नाही, त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाली, "अहो, तुम्ही वाजवतच नाही आहात."

बोटं तारांवर होती. हलत नव्हती. त्यांना वाटत होतं, हलतायत.

आपल्या घरात आवाज गेला की आधी वायर बघायची. तसंच शिकवलंय आपल्याला. त्यात किती वेळ गेला याचा हिशेब डॉक्टरांनी विचारला, मी दिला. ते म्हणाले, अर्धांगवायूचा झटका, उजवा हात आणि बोलणं. पाय वाचला. आता ते घरात चालतात, डाव्या हाताने जेवतात. शब्द मोजके येतात, कधी भलताच येतो. आईला हाक मारायची असली की "चहा" म्हणतात. आई म्हणते, लग्नापासून तेच म्हणतायत.

उजव्या हाताची बोटं आत वळून राहिली आहेत, हुकासारखी. व्यायाम शिकवायला एक बाई येतात. त्या रबराचा चेंडू देतात, पप्पा तो खाली ठेवतात. डिसेंबरात एकदा मी पाहिलं, ते पलंगाच्या कडेला बोटं अडकवून बसले होते आणि अंगठा कडेवर पडत होता. सावकाश, पण तालात. मी तिथेच उभी राहिले. हाताची ती ठेवण मी कुठे पाहिली होती ते मला आठवेना. मग आठवलं, जुन्या बेसच्या फोटोंत, पप्पांनी आपल्याला दाखवलेल्या. तू गेल्यापासून बेस खोक्यात होती, नोव्हेंबरात तालमीसाठी थोडे दिवस निघाली तेवढीच. मी ती उघडली.

आता वळलेली बोटं टेकूत अडकतात. त्यांना तिथे दुसरं काही करायचं नसतं, नुसतं धरून राहायचं. अंगठा वजनाने खाली येतो. स्पंजमुळे तार लगेच थांबते, म्हणून चुकलं तरी चूक लांबत नाही. डावा हात तर अगदी पूर्वीसारखा आहे, तो अंगठ्यासाठी थांबून राहतो. बेसमधून जो आवाज येतो तो गोधडी झोडपल्यासारखाच आहे. खालच्या मजल्यावरच्या आनंदीमावशी विचारत होत्या, तुमच्याकडे मिरच्या कुटतात का रोज? व्यायामाच्या बाई म्हणाल्या, मधलं बोट थोडं उघडायला लागलंय, जे करताय ते थांबवू नका.

म्हणून बेस देत नाहीये.

तुला न सांगण्याचं कारण आईचं नाही, पप्पांचं आहे. दवाखान्यात मी तुझं नाव काढलं तेव्हा ते मान हलवून म्हणाले, "दया नको." तेव्हा त्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं, पण हे म्हणता आलं.

तीन वर्षांपूर्वी तू विहाराच्या हॉलमधून निघून गेलास त्याच्यानंतरचं तुला माहीत नाही. बेस कोरलेली बघून सगळ्या वाद्यवृंदासमोर पप्पा तुला म्हणाले, "तुझी लायकी नाही या वाद्याला हात लावायची." तू खोकं खाली ठेवलंस आणि गेलास. तिथल्या बाकी सगळ्यांना वाटलं, बाप मुलाला रागावला. आपल्या घरात 'लायकी' हा शब्द कुणी वापरत नाही, हे त्यांना कसं माहीत असणार? भाजीवाल्याने कुणाला म्हटला तरी आई निवडलेली भाजी तिथेच ठेवून परत येते. आजोबांच्या वडिलांना गावाने आयुष्यभर त्या शब्दावर दाराबाहेर उभं केलं होतं. दवंडीचा डफ त्यांच्या गळ्यात होता, आणि देवळासमोरून जाताना तोही बडवायचा नाही. धर्मांतरानंतर आजोबांनी डफ चुलीत घातला आणि सांगितलं, यापुढे आपल्या घरात कुणी कुणाच्या दारात वाजवणार नाही. आणि त्या शब्दाबद्दलही सांगितलं.

पप्पांना वाजवायचं तर होतं. म्हणून त्यांनी असं वाद्य धरलं, जे गावात कुणाच्याच वाट्याचं नव्हतं. बोटीवर नोकरीला असलेले बॉस्को अंकल ही बेस घेऊन आले आणि त्यांनीच पप्पांना शिकवली. ती घेऊन पप्पा गावी गेले ते मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होते असं वाटतं. आजोबा म्हणाले, "नाव काय हिचं?" पप्पा म्हणाले, "बेस." "बेस हाय ते दिसतंय की मला. नाव सांग." "बेसच." आजोबा वैतागले. "बरं, लई बेस हाय. पर काही नाव असंल का नाही बिचारीला?"

त्या वाद्यावरून तो शब्द पप्पांच्या तोंडून गेला, आणि तोही तुला. तू गेल्यावर ते हॉलच्या पायरीवर बसून राहिले. वाद्यवृंदातले काशीनाथकाका म्हणाले, "धम्मपाल, पोरगं येईल रे." पप्पा म्हणाले, "तो नाही. मी काय बोललो ते बघ." घरी आल्यावर त्यांनी आजोबांच्या फोटोकडे पाठ करून जेवण केलं. तीन वर्षं झाली, ते जेवताना त्याच बाजूला बसतात.

त्यांना तो शब्द परत घ्यायचा आहे. आधी जमलं नाही कारण ते पप्पा आहेत. आता जमत नाही कारण शब्द सापडत नाहीत. माझं हे म्हणणं चूक असू शकतं. त्यांनी मला तसं सांगितलेलं नाही.

तू ये, असं मी लिहीत नाहीये. आईला दिलेला शब्द एकदा मोडला तेवढा पुरे.

पंचशीला


पूनम सागर
२३ मार्च २०२५

दादा,

तुला सगळं कळवलंय, हे मी दोघांना सांगितलं. सांगितल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. आई माझ्याशी बोलेना. पप्पांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः उठले आणि बेसचं खोकं पलंगाखालून ओढायला लागले. मी मदत करायला गेले तर हात झटकला. एका हाताने खोकं उघडलं, एका हाताने बेस त्यात निजवली, पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला. कड्या लावायला वेळ लागला. मग खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जीवन."

मी म्हटलं, "जीवनला द्यायची?"

"त्याची."

"पप्पा, आणि तुमचा हात?"

"त्याची," ते म्हणाले. एकही अक्षर चुकलं नाही.

मला कळलं ते काय करतायत. हात लावायची लायकी नाही असं ज्याला म्हटलं, त्याला ती वस्तूच देऊन टाकायची, म्हणजे बोलावं लागणार नाही. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "देऊ दे त्यांना." हाताचं काय, हा प्रश्न माझ्याजवळ तसाच राहिला.

रविवारी रेनॉल्ड येणार होता. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. आईने बटणं लावली. ते खोकं दिवाणावर घेऊन बसले. रेनॉल्ड आत आला, त्यांना त्या अवस्थेत त्याने पहिल्यांदाच पाहिलं. तो नेहमीसारखं ओरडून "काय अंकल!" म्हणायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग पायाशी बसला. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते की थांब, आधी माझं ऐक. पण त्याला तुझा निरोप पोचवायची घाई होती, आणि त्याला वाटलं हा निरोप ऐकून पप्पांना बरं वाटेल. त्याने मोबाइल काढून तुझाच आवाज लावला.

"बेस राहू दे तिकडेच. मला नको."

दादा, तू काय म्हणालास ते मला कळलं. तू म्हणालास, माझ्या नोकरीपेक्षा त्यांचा हात मोठा आहे. पण तू खोलीत नव्हतास. खोलीत पप्पा खोक्यावर हात ठेवून बसले होते, तुला द्यायला म्हणून. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की मी दिलं आणि तो नको म्हणाला.

त्यांनी खोक्यावरचा हात काढला.

रेनॉल्डला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. तो घाबरून स्वतःच्या बोलीत बोलायला लागला. "न्हाय अंकल, तसा न्हाय बोलला तो! तुमच्यासाठी बोलला!" पप्पांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, आपल्या घरी कुणी पाहुणा वाईट बातमी घेऊन आला की थोपटतात तसं. मी म्हटलं, "रेनॉल्ड, तू बेस घेऊन जा." मला वाटलं, निदान ती तुझ्याकडे पोचेल. त्याने हात मागे घेतले. "मी न्हाय नेनार. त्याला पाय हायेत, येऊन नेईल." आणि चहा न घेता गेला.

तेव्हापासून खोकं दिवाणावर आहे. आम्ही तिघं त्याच्या बाजूला दाटीने बसतो. मी रोज उघडून पप्पांपुढे धरते. "घ्या ना. थोडाच वेळ." ते तोंड फिरवतात.

"त्याची."

"पण तो नको म्हणालाय ना?"

मला वाटतं, त्यांनी दिलं तेव्हा ते दिलं गेलं. तू घेतलं नाहीस म्हणून ते परत त्यांचं होत नाही. आणि दुसऱ्याच्या वाद्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. मी विहारातल्या कुणाच्या तरी हार्मोनियमची एक पट्टी दाबली होती, तर मला त्या माणसाच्या घरी नेऊन आधी माफी आणि मग परवानगी मागायला लावली होती. परवानगी मिळाल्यावर म्हणाले, "आता दाब." मी रडत रडत दाबली. तोच नियम ते आता स्वतःला लावतायत, आणि ज्याला विचारायचं तो गोव्यात आहे.

मी तुझ्या नावाने खोटंच सांगावं का, असाही विचार केला. जीवनने फोन केला होता, वाजवा म्हणाला, असं. जमलं नाही मला. आईने सांगितलं असतं, पण तिला खोटं बोलताना हसू येतं.

व्यायामाच्या बाई काल म्हणाल्या, मधलं बोट परत आत जायला लागलंय, काही थांबवलंत का? आई म्हणाली, हो, थांबलंय. त्या म्हणाल्या, जास्त दिवस थांबवू नका, एकदा आखडलं की मग उघडायचं नाही. पप्पा ऐकत होते. त्यांना ऐकलेलं सगळं कळतं असं नाही, पण हे कळलं. त्यांनी हात चादरीखाली घेतला.

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की तू ये असं म्हणणार नाही. ते वाक्य मी परत घेते. तू ये.

फोनवरून होणार नाही. मोबाइलमधल्या माणसाचं बोलणं त्यांना अर्धंच पोचतं, समोर तोंड दिसलं की पोचतं. तुझं तोंड त्यांना दिसायला हवं. आल्यावर त्यांची चौकशी करू नकोस, रडू नकोस, हाताकडे बघू नकोस. दिवाणावर बस, खोकं मांडीवर घे आणि त्यांच्यासमोर उघड. टेकू हलवू नकोस. आधी "माझी आहे" म्हण. मग बेस त्यांच्या मांडीवर ठेव आणि "वाजवा" म्हण. दोन्ही म्हण, आणि याच क्रमाने. नुसतं "वाजवा" म्हणालास, तर ते विचारतील, कुणाची.

पंचशीला